दारावरचा हातोडा आणि फॉरवर्डमधला ल्यूथर

ऑक्टोबर संपत आला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड न चुकता येतो. किल्ल्यांचे आणि चकल्यांचे फोटो चालू असतात, त्यात मध्येच एक काळपट भव्य दार, हातोडा उगारलेला संन्यासी आणि खाली मजकूर. थोडक्यात तो असा:

‘३१ ऑक्टोबर १५१७. एका गरीब साधूने चर्चच्या दारावर ९५ कलमे ठोकली आणि पोपविरुद्ध बंड पुकारले. पोप तेव्हा स्वर्गाची तिकिटे विकत होता. तोवर ख्रिस्ती धर्म एकसंध होता. बायबल लॅटिनच्या कुलपात होते, ते लोकांच्या भाषेत आणणारा पहिला माणूस ल्यूथर. हा एकटा साम्राज्याला पुरून उरला. त्या दिवसापासून युरोपात विचारस्वातंत्र्य आणि समता आली. इंग्लंडच्या राजाने तर घटस्फोटासाठी नवा धर्मच काढला. कॅथलिक मात्र होते तिथेच राहिले. आपल्याकडे असा एक ल्यूथर झाला असता तर?’

यंदा मला राहवले नाही. उत्तर लिहायला घेतले, पण ते इतके लांबले की ग्रुपवर टाकले असते तर ॲडमिनने मलाच बाहेर काढले असते. म्हणून इथे.

आधीच सांगतो, सोळाव्या शतकातला हा जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मला आवडतो. हट्टी, तोंडाचा फटकळ, पोटात काही न ठेवणारा आणि भाषेचा विलक्षण कान असलेला माणूस. त्याचे असे कॅलेंडरवरचे चित्र झालेले बघवत नाही. आणि फॉरवर्डची खरी गफलत एखाद्या तारखेत नाहीच. सुधारणा आणि फूट या दोन गोष्टी त्याने एकच धरल्या आहेत. ल्यूथर निघाला होता पहिलीसाठी. पदरात पडली दुसरी, आणि ती पाडण्यात त्याच्याइतकाच हात सावकारांचा, जर्मन राजांचा आणि तुर्कांच्या सुलतानाचाही होता.

आता एकेक घेऊ.

‘दारावर ९५ कलमे ठोकली आणि बंड पुकारले.’

फोटोतले दार जर्मनीतल्या विटेनबर्ग गावच्या चर्चचे, आणि ते ब्राँझचे आहे. प्रशियाच्या राजाने ते १८५८ साली बसवून घेतले, ९५ कलमे त्यात ओतलेली आहेत. त्यावर खिळा ठोकायचा प्रयत्न केला तर खिळाच वाकेल. ल्यूथरच्या काळचे चर्च १७६० साली सप्तवार्षिक युद्धात जळाले.

त्या दिवशी ल्यूथरने नक्की काय केले याचा एक पक्का पुरावा आहे, आणि तो हातोड्याचा नाही, पत्राचा आहे. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याला त्याने ३१ ऑक्टोबर १५१७ या तारखेचे पत्र लिहिले आणि सोबत ती कलमे जोडली. ते पत्र आजही स्टॉकहोममध्ये जपून ठेवलेले आहे. त्यात हा ‘बंडखोर’ स्वतःला माणसांतला गाळ म्हणवून घेतो आणि अत्यंत अदबीने विनवतो की, आपल्या नावाने काय प्रचार चालला आहे तिकडे जरा लक्ष द्यावे.

दारावर कागद लावल्याचे ल्यूथरने स्वतः आयुष्यात कुठेही लिहिलेले नाही, आणि आयुष्यभर लिहीतच तर होता. ही गोष्ट छापून पहिल्यांदा सांगितली त्याचा सहकारी मेलांख्थोनने, १५४६ साली, ल्यूथर वारल्यावर. मेलांख्थोन विटेनबर्गला आला तोच १५१८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे त्याने डोळ्यांनी काही पाहिलेले नव्हते. ल्यूथरचा लेखनिक रोएरर याच्या हातची एक थोडी आधीची टीप अलीकडे उजेडात आली, पण तोही १५१७ ला तिथे नव्हता, आणि त्याची टीप एका दाराबद्दल नसून गावातल्या चर्चांच्या दारांबद्दल आहे. १९६१ साली एर्विन इझरलो या कॅथलिक इतिहासकाराने हे घडलेच नाही असे मांडले, तेव्हापासून वाद चालू आहे.

माझे मत विचाराल तर कागद लागलाही असेल. चर्चचे दार ही विटेनबर्ग विद्यापीठाची सूचनाफलकाची जागा होती. वादसभेची कलमे तिथे लावायची हा नियमच होता, आणि ते काम प्राध्यापकाचे नसून विद्यापीठाच्या शिपायाचे. कलमे लॅटिनमध्ये होती. रस्त्यावरच्या माणसाला ती वाचता येणारच नव्हती. ल्यूथरही ‘गरीब साधू’ नव्हता. संन्यासी होता खरा, ऑगस्टिनियन संघाचा, पण धर्मशास्त्रातला डॉक्टर आणि विद्यापीठात प्राध्यापक. बाप तांब्याच्या खाणधंद्यातला.

आणि कलमे उघडून वाचली की बंड आणखीच पातळ होते. ७१ वे कलम म्हणते की पोपच्या क्षमापत्रांच्या, म्हणजे फॉरवर्डमधल्या त्या ‘तिकिटांच्या’, सत्यतेविरुद्ध जो बोलेल तो शापित असो. ५० वे म्हणते, हे प्रचारक लोकांना कसे लुबाडतात हे पोपला कळले असते, तर आपल्याच मेंढरांच्या कातडी-मांस-हाडांवर रोममधले सेंट पीटरचे चर्च उभारण्यापेक्षा ते जळून राख झालेले त्याने पत्करले असते. राजा चांगला आहे, कारभारी वाईट आहेत, अशी ही जुनी अर्जाची भाषा. ८६ व्या कलमात मात्र चिमटा आहे: पोप एवढा श्रीमंत आहे तर स्वतःच्या पैशाने का बांधत नाही? तोही त्याने ‘लोक असे विचारतात’ म्हणून घातलेला.

‘पोप स्वर्गाची तिकिटे विकत होता.’

हा मुद्दा अर्धा खरा आहे. खोटा अर्धा भाग आधी सांगतो.

चर्चच्या शिकवणीत क्षमापत्राने पाप माफ होत नसे. पाप माफ होणार पश्चात्तापाने आणि धर्मगुरूपाशी केलेल्या कबुलीने. पाप माफ झाल्यावरही जी शिक्षा भोगायची उरते, इथे प्रायश्चित्ताने किंवा मेल्यावर पर्गेटरीत (स्वर्गाआधीच्या शुद्धीच्या जागी), ती कमी करणारे ते पत्र. दरही हैसियतीप्रमाणे होते. राजे, राण्या, आर्चबिशप यांना सोन्याचे २५ गुल्डन, मग उतरत्या भाजणीने खाली, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने उपवास आणि प्रार्थना करावी.

आता खरा अर्धा भाग, आणि तो फॉरवर्डमधल्यापेक्षा जास्त लाजिरवाणा आहे. आल्ब्रेख्ट होएनझोलर्न घराण्यातला. वयाच्या २४ व्या वर्षी, माग्डेबुर्गचे आर्चबिशपपद आणि हाल्बरश्टाट हातात असतानाच, त्याला माइन्झही हवे झाले. माइन्झचा आर्चबिशप म्हणजे सम्राट निवडणाऱ्या सात जणांपैकी एक. पण वय बसत नव्हते आणि एकाला इतकी पदे नियमात बसत नव्हती. नियमात बसवून देण्याचे पोप दहाव्या लिओच्या दरबाराने पैसे मागितले. आल्ब्रेख्टने ते आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून उचलले. मग फेडायचे कसे? आल्ब्रेख्टने आपल्या मुलखात क्षमापत्रांची मोहीम चालवायची. आलेल्या पैशातला निम्मा रोमला सेंट पीटरच्या बांधकामाला, निम्मा फुगरांच्या हप्त्याला. योहान टेट्झेल हा डोमिनिकन प्रचारक गावोगाव फिरे आणि फुगरांचा माणूस पेटीवर नजर ठेवून असे. वसुलीचे काम कुणाला सांगायला नको इतके ओळखीचे आहे.

वर, मेलेल्यांसाठी पत्र घ्यायचे असेल तर घेणाऱ्याने पश्चात्ताप किंवा कबुली करायची गरज नाही, पैसे पेटीत टाकले की झाले, असे आल्ब्रेख्टच्या लेखी सूचनांतच होते. २७ वे कलम नेमके यावर आहे: नाणे पेटीत खणखणले की आत्मा पर्गेटरीतून उडतो, असे सांगणारे माणसांची बडबड सांगतात. तेव्हा या एका बाबतीत ‘तिकीट’ हा शब्द मी फॉरवर्डवाल्याला माफ करतो.

गंमत पुढे आहे. टेट्झेलला विटेनबर्गमध्ये पाय ठेवायची परवानगी नव्हती. ती नाकारली होती तिथला राज्यकर्ता, सॅक्सनीचा फ्रीडरिख याने, ज्याला इतिहास ‘शहाणा’ म्हणतो. कारण धर्मसुधारणा नव्हे. फ्रीडरिखचा स्वतःचा संतांच्या अवशेषांचा संग्रह त्याच विटेनबर्गच्या चर्चमध्ये होता, १५२० पर्यंत सुमारे १९,००० तुकडे, आणि त्यांच्या दर्शनालाही शिक्षेतली सूट जोडलेली होती. शेजाऱ्याचे दुकान आपल्या गल्लीत कशाला? मग विटेनबर्गची माणसे हद्दीबाहेर यूटरबोकला जाऊन टेट्झेलकडून पत्रे आणत आणि ती दाखवून ल्यूथरपुढे कबुलीला बसत. तिथे त्याचे डोके फिरले. फुगरांच्या सौद्याची तर त्याला तेव्हा कल्पनाही नव्हती.

‘तोवर ख्रिस्ती धर्म एकसंध होता.’

हे वाक्य लिहिणाऱ्याने केरळातल्या कोट्टयमच्या एखाद्या ख्रिस्ती माणसाला तरी विचारायचे होते.

इसवी सन ४३१ मध्ये एफेससच्या परिषदेनंतर पूर्वेकडचे, पर्शियातले चर्च वेगळ्या वाटेने गेले. ४५१ च्या कॅल्सिडॉनच्या परिषदेनंतर इजिप्तचे कॉप्ट, आर्मेनियन आणि सीरियातले बरेच जण दुरावले. १०५४ मध्ये रोमचा कार्डिनल हुम्बर्ट आणि कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क यांनी एकमेकांवर बहिष्कार टाकला, तो मागे घेतला गेला १९६५ साली. १३७८ ते १४१७ या काळात पश्चिमेत एकाच वेळी दोन, आणि १४०९ पासून तीन पोप होते, प्रत्येक जण इतरांना ढोंगी ठरवत होता. बोहेमियात धर्मसुधारक यान हुसला १४१५ मध्ये जाळल्यावर त्याच्या अनुयायांनी एकामागून एक आलेली धर्मयुद्धाची सैन्ये परतवली आणि शेवटी सामान्य भाविकालाही प्रभुभोजनात प्याल्यातून द्राक्षरस मिळण्याची सवलत तहात लिहून घेतली. ल्यूथर जन्मण्याच्या आधीची ही गोष्ट.

आणि आपल्याजवळचे. केरळातले सेंट थॉमस ख्रिस्ती पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून सिरियाक भाषेत उपासना करत होते, त्यांचे बिशप मेसोपोटेमियातून येत. पोप, ल्यूथर दोघेही त्यांच्या खिजगणतीत नव्हते. त्यांच्यावर ‘सुधारणा’ आली ती गोव्याहून. गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझेस याने जून १५९९ मध्ये कोचीजवळ उदयंपेरूरला सभा बोलावली, त्यांच्या प्रार्थना रोमच्या मापाने दुरुस्त केल्या, धर्मगुरूंनी लग्ने करू नयेत असे ठरवले आणि पाखंडी ठरलेले ग्रंथ जाळले. पन्नासेक वर्षे ही वाफ कोंडली. ३ जानेवारी १६५३ ला मट्टांचेरीच्या क्रुसापाशी जमून लोकांनी शपथ घेतली की यापुढे या जेझुइटांचे, म्हणजे रोमच्या धर्मप्रसारक संघाच्या पाद्र्यांचे, ऐकणार नाही. बरेच जण नंतर रोमकडे परतले, उरलेल्यांनी अँटिओकच्या सिरियन चर्चशी नाते जोडले, आणि एका समाजाचे दोन झाले. वरून लादलेल्या सुधारणेतून फूट कशी निघते याचे इतके स्वच्छ उदाहरण जर्मनीतही सापडणार नाही. योगायोग असा की ल्यूथरला बहिष्कृत करणारा पोपचा हुकूमही ३ जानेवारीचाच, १५२१ सालचा.

‘बायबल लोकांच्या भाषेत आणणारा पहिला माणूस.’

पहिला तर नाहीच. जर्मन भाषेतले संपूर्ण बायबल श्ट्रासबुर्गला मेंटेलिनने १४६६ मध्ये छापले. ल्यूथरच्या आधी जर्मनच्या वरच्या आणि खालच्या बोली मिळून १८ छापील आवृत्त्या निघाल्या होत्या. इटालियन बायबल व्हेनिसला १४७१ मध्ये, चेक प्रागला १४८८ मध्ये. साखळीने बांधलेल्या बायबलचा फोटोही मधूनमधून फिरतो. ती साखळी चोरांसाठी होती. हाताने लिहिलेल्या एका पोथीची किंमत लक्षात घेतली तर आपणही बांधून ठेवली असती.

पण ‘चर्चने कधी अडवलेच नाही’ असे म्हणणारे दुसऱ्या टोकाचे फॉरवर्डही असतात, तेही खोटे. माइन्झच्याच एका आधीच्या आर्चबिशपने १४८५ मध्ये जर्मन भाषांतरांवर तपासनीस बसवले. इंग्लंडमध्ये जॉन विक्लिफ या सुधारकाच्या अनुयायांच्या धसक्याने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून परवान्याशिवाय इंग्रजी भाषांतर करणे गुन्हा होता. विल्यम टिंडेलला १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ आधी गळा आवळून मग जाळले. म्हणजे कुलूप होते, पण ते सगळीकडे सारखे नव्हते.

मग ल्यूथरने केले काय? माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी गोष्ट, आणि फॉरवर्डने ‘पहिला’ म्हणून ती लहान केली आहे. आधीची जर्मन बायबले लॅटिनवरून शब्दाला शब्द ठेवत गेलेली, वाचताना दातात खडा यावा तशी. ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून असताना इरॅस्मस या विद्वानाने छापलेली ग्रीक संहिता समोर ठेवून बसला आणि अकराएक आठवड्यांत नवा करार जर्मनमध्ये उतरवला. सप्टेंबर १५२२ मध्ये तो छापून आला, डिसेंबरात पुन्हा छापावा लागला. पहिल्या छपाईच्या चित्रात बायबलातल्या बाबिलोनच्या वेश्येच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट होता; तक्रारी आल्या म्हणून डिसेंबरात तो छाटून साधा केला. संपूर्ण बायबल १५३४ मध्ये निघाले.

भाषांतर कसे करावे यावर १५३० साली त्याने एक खणखणीत पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो, जर्मन कसे बोलावे हे लॅटिन अक्षरांना विचारू नका. घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या साध्या माणसाला विचारा आणि ते बोलतात तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघा. त्याच्या विरोधकांनी दिलेली पावती याहून बोलकी. त्याच्या भाषांतराला सॅक्सनीच्या दुसऱ्या शाखेच्या ड्यूकने बंदी घातली आणि एम्सर नावाच्या आपल्या पंडिताला ‘शुद्ध’ कॅथलिक भाषांतर करायला सांगितले. १५२७ मध्ये ते आले, आणि पाहिले तर बहुतेक ल्यूथरचेच, इथेतिथे शब्द बदललेले. ल्यूथर चिडला, पण आपले पुस्तक शत्रूच्या नावाने का होईना वाचले जाते आहे याची मजाही त्याने घेतली.

‘एकटा साम्राज्याला पुरून उरला.’

इथे यान हुसला परत बोलवावे लागते. हुसनेही क्षमापत्रांवर टीका केली होती, तोही प्राध्यापक, तोही लोकभाषेत बोलणारा. सम्राटपदाच्या वाटेवरच्या सिगिसमुंडने त्याला सुखरूप येण्याजाण्याचे अभयपत्र दिले होते. कॉन्स्टन्सला गेला आणि ६ जुलै १४१५ ला जाळला गेला. शंभर वर्षांनी ल्यूथरला तसेच अभयपत्र देऊन वर्म्सच्या साम्राज्यसभेपुढे बोलावले, आणि तो परत आला. फरक हिमतीचा नव्हता.

फरक फ्रीडरिखचा होता. १५१९ मध्ये नवा सम्राट निवडायचा होता, पोपला स्पेनचा कार्लोस नको होता, आणि फ्रीडरिखचे एक मत होते. नेमक्या त्या महिन्यांत ल्यूथरवरची रोममधली कारवाई मंदावली. कार्लोस निवडून आला तो आता पाचवा चार्ल्स. त्याने १५२१ मध्ये वर्म्सला ल्यूथरला कायद्याबाहेर काढले, तर वाटेत फ्रीडरिखच्या माणसांनीच ‘अपहरण’ करून त्याला वार्टबुर्गला लपवले. ‘मी इथे उभा आहे, मला दुसरे काही शक्य नाही’ हे त्याचे फॉरवर्डलाडके वाक्य सभेच्या इतिवृत्तात नाही, छापील आवृत्तीत मागाहून आले. आपली सदसद्विवेकबुद्धी देवाच्या शब्दाशी बांधलेली आहे, हे मात्र तो खरेच म्हणाला होता, आणि ते पुरेसे आहे.

मग तुर्क. १५२६ मध्ये सुलतान सुलेमानने मोहाचच्या रणात हंगेरीला हरवले, पळताना तिथला राजा मेला, १५२९ मध्ये तो व्हिएन्नाच्या तटाखाली होता. चार्ल्सला सैन्य आणि पैसा हवा, तो जर्मन राजांकडे. १५२६ ला श्पायरच्या सभेत त्यांना धर्माच्या बाबतीत मोकळीक मिळाली. १५२९ ला तिथेच ती काढून घ्यायचे ठरले, तेव्हा सहा राजे आणि १४ शहरांनी लेखी निषेध नोंदवला. ‘प्रोटेस्टंट’ हा शब्द त्या निषेधपत्रातला आहे. म्हणजे तो धार्मिक शब्द होण्याआधी सरकारी दप्तरातला शब्द होता. या राजांच्या मुलखात मठांच्या जमिनी कुणाकडे गेल्या हे सांगायला नको. शिवाय हुसच्या काळी छापखाना नव्हता. ल्यूथरची ९५ कलमे १५१७ च्या अखेरीसच लाइपझिग, न्युर्नबर्ग आणि बाझेलला छापून झाली होती, त्याला न विचारता. आजच्या फॉरवर्डचे ते पणजोबा.

‘विचारस्वातंत्र्य आणि समता आली.’

१५२५ च्या मार्चमध्ये मेमिंगेनला शेतकऱ्यांनी बारा मागण्या छापल्या. पहिली: आमचा धर्मगुरू आम्ही निवडू. तिसरी: ख्रिस्ताने धनगरापासून राजापर्यंत सर्वांना आपल्या रक्ताने सोडवले आहे, तर आम्ही वेठबिगार कसे? ल्यूथरच्या शब्दांवर विश्वास ठेवून ते हे मागत होते. त्याने आधी दोन्ही बाजूंना कानपिचक्या दिल्या. मग मे महिन्यात, उठाव पेटल्यावर, एक पत्रक लिहिले: ज्याला जमेल त्याने या दंगेखोरांना हाणावे, भोसकावे, गळा दाबावा. १५ मेला फ्रांकेनहाउझेनला राजांच्या सैन्याने शेतकरी कापून काढले. सगळ्या युद्धात मेलेल्यांचा अंदाज एक लाखापर्यंत जातो. ल्यूथरची बाजू घेणारे म्हणतात की पत्रक छापून येईतो कत्तल सुरूच झाली होती. असेल. पण त्याने ते मागे घेतले नाही. १५४३ साली त्याने ज्यूंविरुद्ध जे पुस्तक लिहिले, त्यांची सिनॅगॉग जाळा म्हणणारे, ते तर त्याच्या चाहत्यांनीही लपवू नये.

विचारस्वातंत्र्याचे म्हणाल, तर झुरिकच्या प्रोटेस्टंट नगरसभेने फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ ला लिमात नदीत बुडवून मारले. गुन्हा: प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा. पाण्याच्या अपराधाला पाण्याची शिक्षा, असा तो क्रूर विनोद. मिगेल सर्व्हेटसने त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा, सिद्धांत नाकारला. फ्रान्समध्ये कॅथलिकांनी त्याला जाळायची शिक्षा दिली, तो निसटला, आणि प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या जिनिव्हात जाऊन १५५३ मध्ये खरेच जाळला गेला. एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचे एकमत होते. त्यावर सेबास्तियान कास्तेलियोने लिहिलेले वाक्य मला ९५ कलमांपेक्षा मोठे वाटते: माणसाला मारणे म्हणजे सिद्धांताचे रक्षण नव्हे, माणसाला मारणे होय. कास्तेलियोचे फॉरवर्ड कुणी पाठवत नाही.

१५५५ मध्ये आउग्सबुर्गला तह झाला तो हा: राजा जो पंथ धरेल तो प्रजेचा, पटत नसेल तर चंबूगबाळे उचला. निवडही दोनच पंथांत, ल्यूथरचा नाही तर रोमचा. कॅल्विनवाले त्यातही बाहेर. खुद्द सुधारकांतही जमले नव्हते. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झुरिकचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जुळले. पंधरावा, प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरेच असते का. ल्यूथरने बोलणी सुरू होतानाच टेबलावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ असे लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते. त्या ‘आहे’ वरून तो तसूभरही हलला नाही.

‘घटस्फोटासाठी नवा धर्म.’ आठव्या हेन्रीला घटस्फोट नको होता, लग्न मुळातच अवैध होते असा निवाडा हवा होता. असे निवाडे राजांना मिळत असत. पण राणी कॅथरीन सम्राट चार्ल्सची मावशी, आणि चार्ल्सच्या सैन्याने १५२७ मध्ये रोम लुटून पोपला कोंडून ठेवलेले. पोप काय करणार? आणि धर्म म्हणाल तर हेन्रीने १५२१ मध्ये ल्यूथरविरुद्ध पुस्तक काढून पोपकडून ‘धर्मरक्षक’ ही पदवी मिळवली होती. रोमशी नाते तोडल्यावरही मिस्सा आणि धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य त्याने कायद्याने राखले. ३० जुलै १५४० ला लंडनमध्ये एकाच दिवशी तीन प्रोटेस्टंट पाखंडी म्हणून जाळले आणि तीन कॅथलिक राजद्रोही म्हणून मारले. इंग्लंडमध्ये प्रोटेस्टंट शिकवण खरी आली ती त्याच्या मुलाच्या राज्यात.

‘कॅथलिक होते तिथेच राहिले.’ १५२३ मध्ये पोप सहाव्या एड्रियनने आपल्या वकिलाकरवी न्युर्नबर्गच्या सभेत कबूल केले की रोग डोक्यापासून अवयवांत पसरला आहे. १५४१ मध्ये रेगेन्सबुर्गला कार्डिनल कॉन्तारिनी आणि मेलांख्थोन यांच्या बाजूंनी, माणूस देवापुढे निर्दोष कसा ठरतो या मूळ भांडणाच्या मुद्द्यावरच एक मसुदा मान्य केला होता. बाकीच्या मुद्द्यांवर तो फिसकटला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४५ ते १५६३ या काळात क्षमापत्रे विकणाऱ्यांचे पदच बंद केले, बिशपांनी आपल्या प्रांतात राहावे आणि धर्मगुरूंसाठी गुरुविद्यालये काढावीत असे ठरवले. १५६७ मध्ये पोप पाचव्या पायसने पैशाशी जोडलेली सगळी क्षमापत्रे रद्द केली. म्हणजे ल्यूथरची पहिली तक्रार रोमने पन्नास वर्षांनी मान्य केली. उशीर झाला होता.

या कॅथलिक लाटेतलाच एक माणूस आपल्याकडे आला. इंग्लंड प्रोटेस्टंट झाल्यामुळे जेझुइट होण्यासाठी मायदेश सोडलेला थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला पोचला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये बायबलची कथा हजारो ओव्यांत सांगणारे ‘क्रिस्तपुराण’ त्याने छापले. याच लाटेने गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालयही आणले. दोन्ही एकाच जहाजातले.

आता शेवटचे, ‘आपल्याकडे असा एक ल्यूथर झाला असता तर?’

हा प्रश्न फॉरवर्डवाल्याला आज पडला, न्यायमूर्ती रानड्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी पडला होता. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनी १९०० साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात महाराष्ट्रातल्या संतांची तुलना सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली. लोकभाषा, पुरोहितांची मक्तेदारी, कर्मकांडापेक्षा भक्ती, ही साम्ये त्यांना दिसली. तुलना ओढूनताणून आहे असे मला वाटते. वारकऱ्यांनी वेगळे चर्च काढले नाही, कारण तोडून निघावे असे एक चर्च नव्हतेच. जाचक होती ती जात आणि ग्रामण्य (जातबहिष्काराचे प्रकरण), आणि त्यांना कुठले मध्यवर्ती दार नसते ज्यावर कागद लावावा.

ते रानड्यांनी स्वतः भोगले होते. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे हेन्रीच्या त्या चर्चच्याच एका शाखेत, शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. त्यांत रानडेही होते, टिळकही होते. नावे छापून आली, गावात गदारोळ झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पंगती तुटल्या, घरी कार्याला भटजी मिळेनात. रानड्यांच्या सुधारक मित्रांना वाटत होते की आता ते ठाम उभे राहतील. रानड्यांनी मित्रांच्या घरच्यांचे हाल पाहिले, दोन वर्षे गेली, आणि मग मुकाट्याने प्रायश्चित्त घेतले.